अंतर्देशीय पत्र, किंमत अडीच रुपये

टपाल खात्याचं निळं अंतर्देशीय पत्र मी सहा वर्षं वापरते आहे. महिन्याला दोन जातात, दोन येतात, सगळी येरवड्याशी. किंमत २.५० रुपये. पोस्टकार्ड ५० पैशांत मिळतं, पण ते वाटेत कुणीही वाचावं. ५ रुपयांच्या लिफाफ्यात मावेल एवढं लिहायचं धाडस नव्हतं. मला हे मधलं मानवलं.

आधी ही पत्रं माझी नव्हतीच. शेजारच्या आजींचा मुलगा बांधाच्या भांडणात जन्मठेपेवर गेला. आजींना लिहिता येत नव्हतं. दुपारी मी शिलाई मशीन थांबवलं की त्या उंबऱ्यात येऊन बसायच्या, सांगायच्या, आणि मी लिहायचे. चिरंजीवास आईचा आशीर्वाद. म्हैस व्यायली. पाऊस लांबला. माझे मिस्टर जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, मुलगी नांदायला गेलेली. दिवसभर घरात फक्त मशीनचा आवाज. आजींच्या सांगण्यात हळूहळू माझीही एखादी ओळ जायला लागली.

दोन वर्षांपूर्वी आजी गेल्या. त्यांच्या मुलाला धीराचं पत्र लिहिलं, घडी घातली, पालथं केलं आणि पाठवणाऱ्याच्या नावापाशी पेन थांबलं. चार वर्षं तिथे आजींचं नाव घातलं होतं. त्या दिवशी माझं घातलं. मायना तर सुचलाच नव्हता. 'चि.' लिहायला मी आई नव्हे, 'ती.' लिहायला ते वडीलधारे नव्हेत. कोरा सोडला. उत्तर आलं, त्यांनीही कोराच सोडलेला.

तुरुंगात पत्र उघडून वाचतात, मगच हातात देतात. तिसऱ्याचे डोळे फिरणार हे धरूनच लिहावं लागतं. 'आठवण येते' असं लिहायला हात धजत नाही. मी लिहिते, तुमच्या दारातला शेवगा फुलला, आज खाली सडा पडला होता. त्यांना कळतं. मुलाकातीला गेलं तर खिडकीवर नातं सांगावं लागतं. टपालपेटी नातं विचारत नाही.

वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. कागद पातळ आहे, बॉलपेन हलक्या हाताने चालवा. आणि आलेलं पत्र बोटाने फाडू नका, कडेने ब्लेड फिरवा. एकदा मी घाईत फाडलं आणि शेवटची ओळ दोन तुकड्यांत गेली. दिव्याखाली ते तुकडे जुळवत बसले होते. 'जेवत जा वेळेवर,' एवढंच होतं. मी रडले.

एका पोस्टात काउंटरवरच्या माणसाने माझा पत्ता मोठ्याने वाचला, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. मला ते फार लागलं. तेव्हापासून दहा-दहा पत्रं एकदम आणते आणि एसटी स्टँडवरच्या लाल पेटीत टाकते.

गेल्या आठवड्यातल्या पत्रात, दुमडायच्या पट्टीवर, बारीक अक्षरात होतं: 'आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला खुली वसाहत आहे, १९३९ पासूनची. तिथे कैद्याला शेती करून बायकोमुलांसह राहता येतं. मी अर्ज करू का, ते तुम्ही सांगा.'

आठ दिवस झाले. अंतर्देशीय पत्रात हे उत्तर मावत नाही. काल ५ रुपयांचा लिफाफा आणला.