कोळंबीतील क्लोरॅम्फेनिकॉलसाठी रेणु-मुद्रित कार्ट्रिज : वर्षभराच्या वापरानंतर

गोव्यातील वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या प्रयोगशाळेत निर्यातीच्या कोळंबीचे नमुने येतात. युरोपीय संघाने क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकासाठीची कारवाईची मर्यादा किलोमागे 0.3 वरून 0.15 मायक्रोग्रॅमवर आणली, तेव्हापासून नमुन्याचा अर्क शुद्ध करणारी नेहमीची सी-18 कार्ट्रिज (मेदस्नेही कणांनी भरलेली छोटी नळी) आम्हाला अपुरी पडू लागली. कोळंबीतील मेद आणि रंगद्रव्ये औषधासोबतच उतरत आणि एलसी-एमएस/एमएसवर (घटक वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर) त्याचा संकेत दडपला जाई. म्हणून गेले वर्षभर आम्ही रेणु-मुद्रित बहुवारिक (विशिष्ट रेणूचा ठसा असलेले पॉलिमर) भरलेली कार्ट्रिज वापरत आहोत.

हे बहुवारिक साच्याभोवती घडवलेले असते. साचा म्हणून घेतलेल्या रेणूभोवती मेथॅक्रिलिक आम्लासारखे एकवारिक (पॉलिमरचा सुटा घटक, मोनोमर) हायड्रोजन बंधांनी जमते, आडबंध घालणाऱ्या संयुगाने ती रचना पक्की केली जाते, आणि साचा धुऊन काढल्यावर त्याच्या घडणीची पोकळी मागे राहते. हा असहसंयुज (साच्याशी पक्का रासायनिक बंध न घालणारा) मार्ग स्वीडनच्या क्लाउस मोसबाख यांनी रुळवला. त्याआधी 1972 मध्ये गुंटर वुल्फ यांनी सहसंयुज बंधांच्या आधारे असेच मुद्रण केले होते. धुऊनही साच्याचे थोडे रेणू आत उरतात व पुढे झिरपतात; इतक्या खालच्या पातळीवर तेवढ्यानेही निर्दोष माल दोषी ठरेल. त्यामुळे साचा खुद्द क्लोरॅम्फेनिकॉलचा नसून त्याच्या सदृश रेणूचा आहे ना, हे विक्रेत्याकडून लेखी घेतल्यावरच मी खरेदीला होकार दिला.

निवडकतेबाबत मी पूर्ण समाधानी आहे. अर्क स्वच्छ उतरतो, आणि ड्युटेरियमयुक्त अंतर्गत मानकाचे (तुलनेसाठी प्रत्येक नमुन्यात ठरावीक प्रमाणात घातलेल्या, जड हायड्रोजन असलेल्या त्याच औषधाचे) शिखर नमुन्यागणिक स्थिर राहते.

माझी खरी तक्रार माहितीपत्रकाबद्दल आहे. पाण्यातून नमुना चढवताना औषध मुख्यतः जलविरोधी आकर्षणाने, म्हणजे फारसे न निवडता, धरले जाते. पोकळीतील हायड्रोजन बंध खऱ्या अर्थाने कामाला लागतात ते कार्ट्रिज कोरडी करून डायक्लोरोमिथेनने धुताना. पाणी उरले तर ते या द्रावकात मिसळत नाही, धुणे असमान होते आणि पुनर्प्राप्ती (नमुन्यातले किती औषध हाती येते ते प्रमाण) घसरते. पत्रकात सुकवण्याचा एकच ठरावीक वेळ छापला आहे. आषाढात आमच्याकडे पंपाने ओढली जाणारी हवाच इतकी दमट असते की तो वेळ पुरत नाही, आणि हे समजेपर्यंत आमचे दोन आठवडे व बरीच कार्ट्रिज वाया गेली. आता पावसाळ्यात आम्ही कोरडा नायट्रोजन सोडतो.

किंमत सी-18च्या कित्येक पट आहे आणि एका कार्ट्रिजमधून एकाच औषधाचे काम होते. अनेक अवशेष एकदम शोधणाऱ्यांनी ती घेऊ नये. संशयित नमुन्याच्या पुष्टीसाठी मात्र मी ती पुन्हा घेईन. विक्रेत्याने सोबत साच्याशिवाय बनवलेल्या त्याच बहुवारिकाची कार्ट्रिजही विकावी, म्हणजे प्रत्येक नव्या लॉटमध्ये मुद्रणाचा वाटा किती आणि नुसत्या चिकटण्याचा किती, हे आम्हाला स्वतः पडताळता येईल.