टर्बो इंजिनात एक पायरी थंड प्लग आणि ०.७ मिमी गॅप : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या दोन लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाचे बूस्ट (टर्बो ज्या जादा दाबाने हवा इंजिनात ढकलतो तो दाब) ट्यूनिंगमध्ये सुमारे १.३ बारपर्यंत वाढवल्यानंतर वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिला की इंजिन अडखळू लागले. मूळ बूस्टवर कंपनीने दिलेल्या, १.१ मिमी गॅपच्या (दोन इलेक्ट्रोडमधली फट) स्पार्क प्लगनी कधीच तक्रारीला जागा दिली नव्हती. अडखळणे रेडलाइनजवळ (इंजिनाच्या कमाल गतीजवळ) न होता टॉर्क सर्वाधिक असतो तिथे होत होते, आणि दोष कुठे आहे याचा अंदाज त्यावरूनच आला, कारण सिलिंडर सर्वांत जास्त भरतो तो त्याच टप्प्यात. दाब वाढला की तेवढ्याच फटीतून ठिणगी पाडण्यासाठी लागणारा व्होल्टेज वाढतो, आणि तो इग्निशन कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाच्या) आवाक्याबाहेर गेला की ठिणगी पडतच नाही.

म्हणून एनजीकेचे बीकेआर७ई हे निकेल इलेक्ट्रोडचे प्लग निवडले. या क्रमांकात बी म्हणजे १४ मिमीचे आटे, के म्हणजे १६ मिमीचा षट्कोन, आर म्हणजे रेझिस्टर, ७ ही हीट रेंज (प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्याचा क्रमांक) आणि ई म्हणजे आट्यांची १९ मिमी लांबी. माझ्या इंजिनाची मूळ हीट रेंज ६ होती, म्हणजे मी एक पायरी थंड प्लग घेतला. येथे सावध राहावे लागते, कारण एनजीके आणि डेन्सो यांच्याकडे आकडा वाढला की प्लग थंड होतो, तर बॉश आणि चॅम्पियन यांच्याकडे नेमके उलट असते. एनजीकेच्या ६, ७, ८ ला डेन्सोचे २०, २२, २४ साधारण समांतर आहेत.

थंड प्लगने ताकद वाढते असे अनेक जण अजूनही सांगतात, पण त्यात तथ्य नाही. थंड प्लगमध्ये इन्सुलेटरचे (मधल्या इलेक्ट्रोडभोवतीच्या पोर्सेलीनचे) टोक आखूड असते, त्यामुळे उष्णता लवकर इंजिनाच्या हेडमध्ये उतरते, एवढाच काय तो फरक. टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिले तर काजळी आपोआप जळते, आणि ८५० अंशांच्या पुढे गेले तर ठिणगीआधीच मिश्रण पेटण्याचा धोका निर्माण होतो. वाढलेल्या बूस्टमुळे वरची मर्यादा जवळ येते, म्हणून एक पायरी थंड प्लग घ्यायचा.

खरा वेळ गॅपने घेतला. ०.८ मिमीवर दिवसा सगळे ठीक चालत असे, पण हवा गार आणि दाट झाली की मिसफायर (ठिणगी हुकून मिश्रण न पेटणे) हलकेच परत येत असे. ०.६ मिमीवर मिसफायर पूर्ण थांबला, मात्र आयडलिंग खडबडीत झाले, कारण ठिणगी आखूड पडली की मंद गतीतले विरळ मिश्रण नीट पेटत नाही. शेवटी ०.७ मिमीवर स्थिरावलो. माझ्या मते पूर्ण बूस्टवर मिसफायर न देणारा मोठ्यात मोठा गॅप हाच योग्य गॅप, आणि तो प्रत्येक इंजिनाने स्वतः सांगायचा असतो. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा फक्त सुरुवातीसाठी घ्यावा.

गॅप कमी-जास्त करताना फक्त बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड हलवावा आणि माप तारेच्या गेजने घ्यावे. नाण्यासारख्या गोल गेजची कड मधल्या इलेक्ट्रोडवर टेकवून फट रुंदावण्याची पद्धत निकेल प्लग एक वेळ सोसून घेईल, पण इरिडियमचे ०.४ किंवा ०.६ मिमी जाडीचे टोक त्याने सहज तुटू शकते.

एवढ्या महिन्यांत गार इंजिन सुरू व्हायला अडचण आली नाही. सलग छोट्या फेऱ्या झाल्या की टोकांवर कोरडी काजळी धरते, आणि लांबचा प्रवास झाला की पोर्सेलीन पुन्हा फिकट तपकिरी दिसते. निकेलची झीज मात्र जाणवण्याइतकी आहे. मध्यंतरी प्लग खोलले तेव्हा कडा गोलसर झाल्या होत्या आणि ०.७ चा गॅप ०.८ कडे सरकला होता. गोल कडांवरून ठिणगी उडायला तसाही जास्त व्होल्टेज लागतो, त्यामुळे दोन्ही गोष्टी मिळून कॉइलवरचा भार वाढतो. ट्यूनिंग चालू असताना, जेव्हा प्लग सारखे खोलून पाहावे लागतात, तेव्हा निकेलच सोयीचे. ट्यूनिंगचा नकाशा (इंधन आणि ठिणगीच्या आकड्यांचा तक्ता) एकदा पक्का झाला की इरिडियम घेणे शहाणपणाचे, कारण निकेल १४५५ अंशांना वितळते तर इरिडियम २४४६ अंशांना, आणि बारीक टोकाला व्होल्टेजही कमी लागतो.

बसवताना १४ मिमी प्लगला ॲल्युमिनिअम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन मीटर टॉर्क पुरतो. आट्यांना ग्रीस फासू नये, कारण घर्षण कमी होऊन प्लग नकळत गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. सैल प्लग त्याहून वाईट, कारण त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि थंड प्लग घेऊनही टोक तापतच राहते.

८ क्रमांकाकडे जाण्याचे सध्या कारण नाही. पोर्सेलीनवर ॲल्युमिनिअमचे बारीक चकाकते कण दिसू लागले, तरी मी आधी इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे घेईन आणि मिश्रण तपासेन, कारण ते कण डिटोनेशनचे (मिश्रण स्फोटासारखे पेटण्याचे) लक्षण असतात आणि डिटोनेशन मुळात प्लगमुळे होत नसेल तर आणखी थंड प्लगने ते थांबत नाही.