सी-२०० कॉम्प्रेसर आणि छोटी पुली: बडोद्यात तिन्ही ऋतू वापरल्यानंतर

गाडी जुनी मर्सिडीज सी-२०० कॉम्प्रेसर. एम-२७१ इंजिन, १.८ लिटर, त्यावर ईटनचा एम-४५ सुपरचार्जर (पट्ट्यावर फिरून इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारा पंप). मोठा बदल एकच: सुपरचार्जरची पुली मूळ व्यासापेक्षा १५ टक्के लहान. देखभाल सगळी घरी. थंडीत फरक झकास जाणवतो, पण एप्रिल ते जून बडोद्यात या पुलीचे पैसे वसूल होत नाहीत. आणि ‘बूस्ट (सुपरचार्जरने दिलेला हवेचा जादा दाब) गेला’ म्हणून सुपरचार्जर खोलायला घेऊ नका. तो बिचारा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. दोष पट्ट्यात नाहीतर नळ्यांत निघतो.

आधी पुली. व्यास १५ टक्के घटला की सुपरचार्जरचा वेग १५ नाही, १७.६ टक्के वाढतो (१ भागिले ०.८५). मकरपुरा जीआयडीसीत (बडोद्याच्या औद्योगिक वसाहतीत) लेथवर पुली बनवून मिळते, मात्र पीके (लांबीत खाचा असलेल्या) पट्ट्याची मापं लिहूनच द्या: दोन खाचांमधलं अंतर ३.५६ मिमी, खाचेचा कोन ४० अंश. ॲल्युमिनियमवर हार्ड ॲनोडायझिंग करून घ्या, नाहीतर खाचा लवकर झिजतात. पट्टाही आखूड लागतो. पट्टा पुलीला अर्धा वेढा घालत असेल तर व्यास १० मिमी कमी झाल्यावर लांबी साधारण १६ मिमी कमी हवी. जुनाच पट्टा ठेवला तर टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी पुली) शेवटाला टेकतो आणि पट्टा घसरतो.

घसरणाऱ्या पट्ट्याची खूण म्हणजे खालच्या आरपीएमला बूस्ट बरोबर आणि ४,५०० च्या पुढे उतरता. गळती असेल तर बूस्ट खालपासूनच कमी दिसतो. किंचाळी ऐकू येईलच असं नाही. पुलीमागच्या झाकणावर रबराची काळी भुकटी बघा. हल्लीच्या ईपीडीएम रबराच्या पट्ट्याला सहसा तडे जात नाहीत, तो नुसता झिजतो. म्हणून तडे शोधण्यापेक्षा खाचांची खोली तपासा.

गळती शोधायला ओबीडी रीडर (गाडीच्या सॉकेटला लावून सेन्सरचे आकडे वाचणारं यंत्र) आणि फ्युएल ट्रिम (मिश्रण बरोबर ठेवायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा) पुरतात, फक्त हवेचा रस्ता डोक्यात पक्का हवा. आधी एअर फिल्टर, मग हवा मोजणारा सेन्सर, सुपरचार्जर, इंटरकूलर (हवा थंड करणारा), थ्रॉटल (हवेची झडप) आणि शेवटी मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग). सेन्सर आणि सुपरचार्जर यांच्यामध्ये भोक असेल तर न मोजलेली हवा आत शिरते आणि ट्रिम सगळीकडे अधिक. थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डला किंवा क्रँककेस ब्रीदरच्या (इंजिनाच्या पोटातली वाफ काढून घेणाऱ्या) नळीला चीर असेल तर आयडलला (ॲक्सिलरेटर सोडून इंजिन नुसतं चालू असताना) ट्रिम खूप अधिक, २,५०० आरपीएमला जवळपास नॉर्मल. या इंजिनात ब्रीदरच्या नळ्या कडक होऊन फुटणं नेहमीचं, आणि त्या मॅनिफोल्डखाली असल्यामुळे सहज दिसत नाहीत. सुपरचार्जर ते थ्रॉटल या टप्प्यात गळती असेल तर उलटं: आयडलला फारसं काही नाही, पण पूर्ण लोडवर मोजलेली हवा बाहेर जाते, मिश्रण रिच होतं (हवेच्या मानाने इंधन जास्त) आणि सायलेन्सरमधून काळा धूर येतो.

खात्रीसाठी हवेचा दाब देऊन बघा. सेन्सरच्या पुढच्या नळीत पीव्हीसीचं एंड कॅप बसवा, त्यात ट्यूबलेस टायरचा वॉल्व्ह घाला आणि पायपंपाने फक्त ०.३ बार भरा. त्याहून जास्त नको. इंजिन ऑइलचं झाकण सैल ठेवा, म्हणजे ऑइल सीलवर दाब येणार नाही. तिथून थोडी हवा येणं साहजिक आहे. सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. बायपास फ्लॅपवर (सुपरचार्जरची हवा परत मागे फिरवणाऱ्या झडपेवर) ब्रीदरमधल्या तेलाचा चिकटा साचून तो उघडाच अडकला असेल तर कुठेही गळती नसताना बूस्ट मिळत नाही, म्हणून तोही थ्रॉटल क्लीनरने साफ करा.

ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे आकडे वाचायची सवय बदलावी लागते. शुद्ध पेट्रोलला एका भाग इंधनामागे वजनाने हवेचं प्रमाण १४.७, ई-२० ला साधारण १३.५, म्हणजे इंधन ८-९ टक्के जास्त. जुन्या मॅपच्या गाडीत ट्रिम सगळीकडे सारखा +८ दिसला तर गळती शोधत बसू नका. वाइडबँड गेजही (एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणारा) एएफआरमध्ये (हवा-इंधन प्रमाणात) न वाचता लॅम्डामध्ये (प्रत्यक्ष प्रमाण भागिले त्या इंधनाचं आदर्श प्रमाण) वाचा. पूर्ण लोडवर ०.८० ते ०.८५ ठीक.

आता उन्हाळा. बाहेर ४३ अंश, बूस्ट ०.५ बार आणि सुपरचार्जरची कार्यक्षमता ५७ टक्के धरली तर इंटरकूलरच्या आधी हवा साधारण ११० अंशांवर जाते. १२ अंशांच्या सकाळी हाच आकडा ७३ च्या आसपास. पुढे ईसीयू नॉक (मिश्रण अवेळी पेटून बसणारे ठोके) टाळायला इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, आणि पुलीने दिलेली ताकद तिथेच परत जाते. दुसऱ्यांदा ॲक्सिलरेटर दाबताना गाडी पहिल्यापेक्षा मंद वाटली तर हेच कारण. इंटरकूलरच्या पाकळ्या आतून बाहेर हलक्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरने त्या वाकतात.

स्पार्क प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा), गॅप ०.७ मिमी. एनजीकेमध्ये थंड प्लगचा आकडा मोठा, बॉशमध्ये लहान. काउंटरवर इथे हमखास घोळ होतो. सुपरचार्जरचं तेल इंजिन ऑइलपेक्षा वेगळं असतं. जीएमचं (जनरल मोटर्सचं) सुपरचार्जर तेल एसीडेल्को १०-४०४१ म्हणून ११८ मिलीच्या बाटलीत येतं. जुनं काळं आणि घाण वासाचं निघतं, पण त्यात धातूची चमक दिसली तर बेअरिंग संपत आलंय. गाडी सपाटीवर ठेवून सुपरचार्जरवरच्या तेल भरायच्या बुचाच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच भरा.

इंजिन ऑइल ५.५ लिटर, मर्सिडीजच्या एमबी २२९.५ मान्यतेचं, ७,५०० किमीला. जास्त ताणलं तर टायमिंग चेन सैल होते आणि थंड स्टार्टला पहिले काही सेकंद खडखड ऐकू येते. कॅमशाफ्ट मॅग्नेटचा (व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या विद्युतचुंबकाचा) कनेक्टर काढून आत तेल आहे का तेही बघत जा. ते तारांमधून चढत थेट ईसीयूपर्यंत पोचतं, आणि मग सेन्सर बदलत बसलं तरी एरर जात नाहीत.

पावसाळ्यात विश्वामित्रीचं पाणी ऑगस्ट २०२४ सारखं पार्किंगमध्ये शिरलं तर गाडी सुरू करू नका. आधी प्लग काढून इंजिन पान्याने हाताने फिरवा, सुपरचार्जरचं तेल दुधाळ झालंय का ते तपासा. आणि विमा कंपनीला पुली कळवलेली नसेल तर दाव्याच्या वेळी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतल्या फेरबदलांबद्दलचं) काढलं जाऊ शकतं, म्हणून मूळ पुली आणि मूळ लांबीचा पट्टा विकून टाकू नका. दोन्ही माळ्यावर असू द्या. एप्रिलमध्ये परत चढवायलाही लागतातच.