शाळेतली समुपदेशन सेवा: पूर्णवेळ, आठवड्यातून एक दिवस की ॲपवर?

शाळेच्या माहितीपत्रकात ‘समुपदेशनाची सोय आहे’ अशी एक ओळ हल्ली हमखास सापडते. त्या ओळीखाली तीन निरनिराळ्या सेवा असू शकतात: रोज शाळेत हजर असणारे पूर्णवेळ समुपदेशक, आठवड्यातून एक दिवस येणारे बाहेरचे समुपदेशक, किंवा वर्षाची वर्गणी भरून घेतलेलं ॲप आणि त्याची हेल्पलाइन. मुलाचा प्रवेश घेताना किंवा शाळेतर्फे करार करताना यातलं नेमकं काय मिळतंय ते विचारून घ्या, कारण तिन्हींमधलं साम्य बरेचदा नावापुरतंच असतं.

आमचं मत आधीच सांगतो. पैसे मोजावेत ते पूर्णवेळ समुपदेशकासाठी, पण त्यांचा वेळ त्यांच्याच कामाला मिळत असेल तर. पदवी आणि प्रमाणपत्रं बघायचीच, पण त्याआधी त्यांचं चालू आठवड्याचं वेळापत्रक मागा. त्यात गैरहजर शिक्षकांचे बदली तास, परीक्षेचं पर्यवेक्षण, हजेरीपटाची बेरीज आणि कार्यक्रमांचं सूत्रसंचालन भरलेलं असेल, तर शाळेने समुपदेशक नेमलेले नाहीत, एक जादा हात नेमलाय. अमेरिकन स्कूल कौन्सेलर असोसिएशन 250 विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा असं सुचवते आणि त्यांचा किमान 80 टक्के वेळ विद्यार्थ्यांच्या थेट किंवा अप्रत्यक्ष कामात जावा असं म्हणते. 250 चा आकडा फार थोड्या शाळांना गाठता येईल. 80 टक्क्यांचं मात्र तसं नाही, ते मुख्याध्यापकांच्या एका निर्णयावर आहे.

बदली तासाने वेळ जातो हे दिसतं. विश्वास जातो हे दिसत नाही. सकाळी वर्गावर ओरडलेली किंवा परीक्षेत कॉपी पकडलेली व्यक्ती दुपारी ‘मोकळेपणाने बोल’ म्हणाली, तर कुठलंही मूल आधी सावधच होणार. शिस्तीचंही तेच. ‘पुन्हा असं केलंस तर समुपदेशकांकडे पाठवीन’ हे वाक्य एखाद्या वर्गात ऐकू आलं, की त्या वर्गातून कोणी आपणहून तिकडे जाईल ही आशा सोडा.

खोलीही बघून या. मुख्याध्यापकांच्या दालनाला लागून, शिक्षा झालेली मुलं ताटकळत बसतात त्याच बाकासमोर ही खोली असेल, तर आत जाणारं प्रत्येक मूल सगळ्या शाळेला दिसतं. दाराला काच हवी, म्हणजे आत मोठं माणूस आणि मूल दोघंच असताना बाहेरून नजर राहते. पण मुलाची खुर्ची काचेच्या रेषेत नको. आवाज बाहेर जाता कामा नये. कुलूप लागणारं कपाट हवं. एवढ्याला मोठा खर्च येत नाही, तरी बऱ्याच ठिकाणी ही खोली भांडारघराचा उरलेला कोपरा असते.

आता कामाकडे. चांगल्या सेवेत एकेका मुलाशी बंद खोलीत बोलणं हा कामाचा एक भाग झाला. बाकीचा वेळ वर्गात घ्यायचे तास, सहा ते आठ मुलांचे छोटे गट, शिक्षक-पालकांशी बोलणं आणि गरज पडल्यास बाहेरच्या तज्ज्ञांकडे पाठवणं यात जातो. निदान करणं, औषध सुचवणं किंवा वर्षानुवर्षं मानसोपचार चालवणं हे शालेय समुपदेशकाचं काम नाही. ‘आमच्याकडे सगळं इथेच होतं’ असं कोणी अभिमानाने सांगितलं तर सावध व्हा. अध्ययन अक्षमतेची किंवा नैराश्याची शंका आली, तर ती नेमक्या शब्दांत टिपून मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोचवणं आणि तिकडून आलेल्या सूचना वर्गात कशा राबवायच्या हे शिक्षकांबरोबर ठरवणं, हे त्यांचं खरं कसब.

शंका टिपायची साधनं साधी असतात. ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांची एसडीक्यू (स्ट्रेंग्थ्स अँड डिफिकल्टीज क्वेश्चनेअर) ही मुलांच्या भावना नि वागण्यातल्या अडचणी टिपणारी प्रश्नावली 25 विधानांची आहे. पालक, शिक्षक आणि 11 वर्षांपुढचं मूल स्वतः, असे तिघं ती वेगवेगळी भरतात. त्यातल्या 20 विधानांचा गुणांक 0 ते 40 मध्ये येतो, उरलेली पाच मुलाच्या चांगल्या सामाजिक वागण्याबद्दलची. गंमत तिघांच्या उत्तरांतल्या फरकात असते. शिक्षकांच्या कागदावर सगळं आलबेल आणि मुलाच्या स्वतःच्या कागदावर चिंतेचे गुण चढलेले, असं दिसलं तर ते शांतपणे सोसणारं मूल असण्याची शक्यता मोठी. पण ही चाळणी आहे, निदान नव्हे. नुसत्या गुणांकावरून मुलाला नाव चिकटवणारी सेवा नापास.

नोंदी कशा लिहिल्या जातात यावरून सेवेची पातळी लगेच कळते. मुलांच्या नोंदी कोणी दाखवणार नाही, आणि दाखवूही नयेत. कोरा नमुना मात्र जरूर मागा. ‘आक्रमक स्वभाव, घरचं वातावरण बरं नाही’ ही नोंद निरुपयोगी, शिवाय घातक, कारण ती पुढच्या शिक्षकाचं मत आधीच बनवते. उपयोगी नोंद अशी दिसते: ‘मंगळवार, तिसरा तास. मोठ्याने वाचायला सांगितलं. त्याने पुस्तक फेकलं. वर्गाबाहेर काढलं. वाचन टळलं.’ आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय घडलं, हे तीन रकाने दोन आठवडे भरले की कित्येकदा राग बाजूला राहतो आणि न वाचता येण्याची भीती वर येते. मग उपायही बदलतो: बाहेर काढणं बंद, वाचायचा उतारा आदल्या दिवशी हातात.

शाळेत यायलाच नकार देणाऱ्या मुलांच्या बाबतीत सेवेचा खरा कस लागतो. इथे उशीर महागात पडतो, कारण घरी राहिलेला प्रत्येक दिवस परतणं अवघड करतो. आधी डॉक्टरांकडून शारीरिक आजार नाही याची खात्री, मग मूल नेमकं काय टाळतंय याचा शोध: एखादा विषय, एखादी टोळी, स्वच्छतागृह, की घरी आईला सोडून येणं. त्यानंतर पायऱ्या. पहिल्या दिवशी फक्त फाटकापर्यंत, मग पहिले दोन तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत. फाटकावर घ्यायला रोज तीच व्यक्ती. हे फसतं ते बहुधा एकाच ठिकाणी. मूल पोटात दुखतंय म्हणतं, कार्यालयातून घरी फोन जातो, तासाभरात मूल घरी. दुखणं खोटं नसतं, पण घरी गेलं की थांबतं हे शरीर शिकतं. म्हणून दुखलं तर दहा मिनिटं समुपदेशकांच्या खोलीत आणि मग परत वर्गात, हा नियम कार्यालयातल्या माणसांनाही ठाऊक हवा. तो त्यांना कोणी सांगितलाय का, हे विचारून बघा.

गोपनीयतेबद्दल दोन टोकांची आश्वासनं मिळतात, आणि दोन्ही चूक. ‘तुझं काहीही कोणाला सांगणार नाही’ हे मुलाला दिलेलं वचन पाळता येत नाही. ‘पालकांना सगळं कळवतो’ म्हटलं तर मूल येतच नाही. योग्य पद्धत म्हणजे पहिल्याच भेटीत, मुलाच्या वयाच्या भाषेत अपवाद सांगून टाकणं: तू स्वतःला इजा करणार असशील, दुसऱ्या कोणाला करणार असशील किंवा तुला कोणी इजा करत असेल, तर मला पुढे सांगावं लागेल, आणि शक्यतो तुला आधी सांगूनच सांगेन. लैंगिक छळ किंवा मारहाणीची गोष्ट पुढे आली तर समुपदेशकांनी स्वतः तपास करायचा नसतो. मुलाचे शब्द आहेत तसे उतरवायचे, खोदून विचारायचं नाही, आणि कायद्याप्रमाणे जिथे कळवायचं तिथे कळवायचं. ‘शाळेच्या पातळीवर मिटवू’ हे शब्द आले तर तिथे सेवा उरली नाही.

आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या मुलासाठी लेखी कार्यपद्धती आहे का, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. थेट विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार येतो ही भीती निराधार आहे. प्रशिक्षित समुपदेशक आडवळण न घेता, सरळ शब्दांत विचारतात. मूल एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी पालकांना बोलावायचं, त्याच दिवशी तज्ज्ञांकडे तपासणी ठरवायची. ‘मी असं करणार नाही’ अशी सही घेणं अजूनही काही ठिकाणी चालतं. त्याने मूल सुरक्षित होत नाही, शाळेची फाइल तेवढी पूर्ण होते. त्याऐवजी स्टॅन्ली आणि ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची सहा टप्प्यांची सुरक्षा योजना वापरावी: धोक्याची लक्षणं, स्वतः करता येण्याजोगे उपाय, मन दुसरीकडे गुंतवणारी माणसं व जागा, मदत मागता येईल असे जवळचे लोक, तज्ज्ञांचे नंबर, आणि घर-परिसर सुरक्षित करणं. शेवटचा टप्पा मुलावर टाकायचा नाही, तो पालकांचा.

दादागिरीच्या तक्रारीत दोघांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावणं ही सवय लोकप्रिय आहे आणि वाईट आहे. मध्यस्थी बरोबरीच्या भांडणात चालते; इथे ताकद सारखी नसते, त्यामुळे त्रास झालेलं मूल खोलीत ‘हो’ म्हणतं आणि जिन्यात पुन्हा मार खातं. त्याऐवजी हवं ते हे: दोघांशी वेगवेगळं बोलणं, स्क्रीनशॉट जपणं, जिना-बस-स्वच्छतागृहाजवळ मोठ्या माणसाची नजर ठेवणं, आणि आठवड्याने नि महिन्याने पुन्हा विचारणं. यातला पाठपुरावाच बहुतेक गळतो.

करिअर मार्गदर्शनाबद्दल थोडक्यात: मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांच्या सहा व्यक्तिमत्त्व-प्रकारांवर बेतलेली आवड-चाचणी बोलणं सुरू करायला बरी. जाडजूड रंगीत अहवालावर भाळू नका. आणि बोटांच्या ठशांवरून बुद्धी नि करिअर सांगणाऱ्या चाचण्यांना शास्त्रीय आधार नाही; त्या विकणारी सेवा बाकी कितीही चांगली असली तरी नको.

आठवड्यातून एक दिवस येणाऱ्या समुपदेशकांचं गणित मांडून बघा. सहा तासांतला एक तास शिक्षकांशी बोलण्यात आणि जेवणात गेला. उरली 300 मिनिटं. अर्ध्या तासाची भेट आणि दहा मिनिटं नोंद धरली तर दिवसाला सात मुलं, पंधरवड्याने एकेकाला भेटायचं तर एकूण 14. शाळा 800 मुलांची असेल तर हे दोन टक्क्यांच्याही आत, आणि वर्गातले तास शून्य. ही सेवा टाकाऊ नाही, पण तिच्याकडून मुलांच्या रांगा लावून घेण्यापेक्षा शिक्षकांना सल्ला आणि अवघड मुलांची छाननी एवढंच काम घ्यावं. उरलेल्या दिवशी काही घडलं तर कोणाला बोलवायचं, हे करारात नाव-पदासकट हवं.

ॲपचा फायदा एवढाच, पण खरा: रात्री अकराला कोणीतरी उत्तर देतं, आणि तोंडाने न बोलणारी मुलं टाइप करून बोलतात. मात्र पलीकडच्या माणसाला वर्ग दिसत नाही, बाई माहीत नसतात, जिना माहीत नसतो. करारापूर्वी तीन गोष्टी लेखी घ्या: उत्तर माणूस देतं की यंत्र, धोक्याचा संदेश आल्यावर किती मिनिटांत कोणाला फोन जातो, आणि मुलांचं लिखाण किती काळ, कोणाकडे राहतं. पूर्णवेळ समुपदेशकाच्या जोडीला ॲप चालेल, त्यांच्या जागी नको.

एक बाब तिन्हींत दुर्लक्षित राहते: समुपदेशक किंवा कंपनी बदलली की काय होतं. नव्या माणसाकडे सगळ्या फायली आपोआप जाता कामा नयेत. ज्या मुलांचं काम चालू आहे त्यांना आधी कळवून, जुन्या आणि नव्या समुपदेशकांची मुलासह एक एकत्र भेट व्हावी, आणि संमतीने तेवढाच सारांश पुढे जावा. बाकी नोंदी कोण, किती वर्षं कुलपात ठेवणार आणि नंतर कशा नष्ट करणार, हे शाळेने लिहून ठेवलेलं असावं. हे कलम नसेल तर सही करण्याआधी घालून घ्या.