संयुक्त खातं की मृत्युपत्र? जखमी फौजी आणि त्याच्या जोडीदारासाठी

हाताला गोळी लागून मराठा लाइट इन्फंट्रीतून खानापूरला परतलेला फौजी आणि त्याचा जोडीदार, दोघेही पुरुष. संसार दोघांचा, पण 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने समलिंगी लग्नाला मान्यता दिली नाही. त्यामुळे फौजीच्या मागे फॅमिली पेन्शन जोडीदाराला मिळत नाही. मग त्याचा पैसा-अडका जोडीदाराला मिळावा म्हणून दोन वाटा: बँकेत संयुक्त खातं किंवा मृत्युपत्र.

संयुक्त खात्याला खर्च जवळपास शून्य. समलिंगी जोडप्यांना त्याची आडकाठी नाही, हे अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलंय. ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कुणीही, किंवा मागे राहील तो, पैसे काढू शकतो) लिहून घ्या, दवाखान्याचं बिल अडत नाही. पण फौजीच्या मागे त्याचे भाऊबंद पैशावर हक्क सांगू शकतात, आणि घर-शेत यात येतच नाही.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. नोंदणी ऐच्छिक, तरी कराच. खरी गोची सहीची: जखमी हाताची सही जुन्या सहीशी जुळत नाही आणि भांडण तिथूनच पेटतं. सहीसोबत अंगठा घ्या, त्याच दिवसाचा डॉक्टरचा दाखला जोडा. जोडीदाराला साक्षीदार करू नका. पलटणीतले जुने सोबती बरे, गावात बोभाटा होत नाही. सैनिकाच्या तोंडी मृत्युपत्राची सवलत युद्धावर किंवा मोहिमेवर असतानाची; घरी परतल्यावर तिच्यावर विसंबू नका.

भाड्याच्या खोलीत पेन्शनवर भागत असेल तर खातं पुरे. स्वकष्टाचं घर असेल तर मृत्युपत्र कराच.