फोर्ड मॉडेल ए : व्हाइट मेटल पुन्हा ओतून घेतल्यानंतरचे काही महिने

निकाल आधीच सांगतो. इंजिनात शेल बेअरिंग (तयार मिळणारे, बदलता येणारे पातळ अर्धगोल पत्रे) न बसवता जुन्या पद्धतीने व्हाइट मेटल, म्हणजे बेअरिंगचा मऊ मिश्रधातू, वितळवून ओतून घेतलं, त्यानंतर गाडी कित्येक महिने नियमित चालते आहे आणि पुन्हा इंजिन बांधायची वेळ आली तर मी हेच करीन. 'आता कोण मेटल ओततं?' असं विचारणारे भरपूर भेटतात. त्यांच्यासाठी हा अनुभव.

मॉडेल ए १९२७च्या अखेरीस बाजारात आली. चार सिलिंडर, ३.३ लिटर, ४० हॉर्सपॉवर, आणि एवढ्या लांब क्रँकला (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) फक्त तीन मेन बेअरिंग, म्हणजे त्याला ब्लॉकमध्ये पेलणारी. मेनचं मेटल थेट ब्लॉकमध्ये ओतलेलं असतं. कनरॉडला (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) दाबाने तेल मिळतच नाही. रॉडच्या कॅपखालची पळी चेंबरमधल्या (इंजिनाखालची तेलाची टाकी) ट्रेमधून तेल उचलते. ऑइल प्रेशरचं मीटर नाही, त्यामुळे निदान कानानेच करायचं. माझ्या इंजिनात चढावर अॅक्सिलरेटर सोडला की खालून ठोका यायचा. स्क्रूड्रायव्हरने एकेक प्लग शॉर्ट करून बघितलं, एका सिलिंडरवर आवाज दबला, म्हणजे तिथलं रॉडचं बेअरिंग ढिलं, आणि इंजिन खोलायचं ठरलं.

क्रँक अंडाकार झिजला होता. तो २० थाऊ अंडरसाइज (मूळ मापापेक्षा कमी) घासून घेतला. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. घासण्याआधी चुंबकीय पद्धतीने तडे तपासून घ्या. जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा गोल भाग) जिथे वेबला (त्याच्या बाजूच्या भिंतीला) मिळतो तिथली गोलाई घासताना शिल्लक राहिलीच पाहिजे. तिथे काटकोनी कोपरा राहिला तर क्रँक पुढे तिथूनच तुटतो. मापाइतकंच या कोपऱ्यालाही महत्त्व आहे, पण बिलावर फक्त माप लिहिलेलं असतं.

मेटल कथलाचं, म्हणजे नव्वद टक्क्यांच्या आसपास कथील आणि उरलेलं अँटिमनी व तांबं. खरी कसोटी ओतण्याआधीची: रॉड स्वच्छ करून, तापवून, त्यावर कल्हई नीट बसली का? ती बसली नाही तर मेटल नुसतं आत टेकून राहतं आणि काही दिवसांत तुकडे पडतात. तयार रॉड टांगून हलकेच ठोकून बघावा. खणखणीत वाजला तर पकड आहे, बद्द वाजला तर परत पाठवा. मी एक परत पाठवला. कारागीर कुरकुरला, पण त्याने दुसरा ओतून दिला.

गाळा, म्हणजे जर्नल आणि बेअरिंगमधली फट, जर्नलच्या व्यासाच्या दर इंचाला साधारण एक थाऊ, म्हणून १⅝ इंचाच्या मेनला दीड ते दोन थाऊ धरला. कॅपखाली पदरांच्या पितळी शिम (पातळ पट्ट्या) ठेवल्या. मला व्हाइट मेटल पटतं ते याच कारणाने. काही महिन्यांनी चेंबर उतरवून तपासलं तर मागच्या मेनला किंचित ढिलेपणा आला होता (फ्लायव्हीलचं सगळं वजन तिथेच पडतं). शिमचा एक पदर काढला, काम झालं. शेलमध्ये ही सोय नाही, तिथे बेअरिंगच बदलावं लागतं. मात्र तुम्ही सतत वेगात लांबचा प्रवास करत असाल किंवा मेटल ओतणारा जाणकार हाताशी नसेल, तर हट्ट करू नका, शेलच घ्या.

व्हॉल्व्हच्या बाबतीत मी मूळ रचना सोडली. मूळ व्हॉल्व्हचा पाय पसरट, म्हणून गाईड (व्हॉल्व्हचा दांडा, म्हणजे स्टेम, ज्यात सरकतो ती नळी) दोन तुकड्यांत, आणि गॅप जुळवायचा तर स्टेमचं टोक घासायचं. आता सरळ स्टेम, एकसंध गाईड आणि अॅडजस्ट होणारे टॅपेट (व्हॉल्व्हला खालून उचलणारे तुकडे) आहेत. बाहेरून काही दिसत नाही, शुद्धतावाद्यांनी मनावर घेऊ नये. कॉम्प्रेशन जेमतेम ४.२२, म्हणून व्हॉल्व्ह टेकतात तिथे कडक धातूच्या सीट सरसकट बसवल्या नाहीत, फक्त बारीक तडा होता तिथे एक बसवली. नव्या पिस्टन रिंगांचा पहिला संच मात्र रिंगांच्या टोकांमधला गॅप मोजल्यावर परत करावा लागला.

ऑइल फिल्टर नाही, म्हणून ऑइल दर ८०० किलोमीटरला बदलतो. पहिल्या बदलाच्या वेळी तेलात रुपेरी चमक होती, नंतर ती दिसली नाही. हेडचे नट गरम इंजिनावर पुन्हा पुन्हा आवळावे लागले, ते आता स्थिर आहेत. ठोका गेला आहे. मागच्या मेनमधून तेलाचे थेंब मात्र अजून पडतात. तिथे रबरी सील मुळातच नाही, तेव्हा गाडीखाली ट्रे असतोच.