एआरटी केंद्राचा अनुभव : औषध चोख, उतारवयाची दखल अपुरी

मराठवाड्यातील एका सरकारी रुग्णालयाच्या एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीवरील औषधोपचाराच्या केंद्रातून, मी २००९ पासून औषध घेत आहे आणि आता एकसष्टीत आहे. देशात ही औषधे २००४ पासून मोफत मिळू लागली, त्यामुळेच आमच्यासारख्यांना म्हातारपण पाहता आले. सुरुवातीला मिळालेल्या स्टॅव्हुडीन या औषधाने माझे गाल इतके बसले होते की गावात लोक ‘क्षय झाला का’ म्हणून विचारीत. आज टेनोफोविर, लॅमिव्हुडीन आणि डोल्यूटेग्राव्हिर यांची मिळून रोज एकच गोळी असते, आणि औषध संपले म्हणून मी येथून कधी रिकाम्या हाताने परतलेलो नाही. औषध देणाऱ्या ताई उरलेल्या गोळ्या टेबलावर ओतून बोटाने दोन-दोन सरकवीत मोजतात, हिशेब चुकला तरी आवाज चढवीत नाहीत. तीन महिन्यांचे औषध एकदम मिळत असल्याने एसटीच्या खेपाही कमी झाल्या आहेत. (बाटली पिशवीत खुळखुळू नये म्हणून तिच्यात कापूस कोंबण्याची जुनी सवय मात्र सुटत नाही.)

तक्रार आहे ती वयाबरोबर आलेल्या दुखण्यांची. मला मधुमेह निघाला तेव्हा केंद्राने चिठ्ठी देऊन बाह्यरुग्ण विभागात पाठविले. पण रांगेत पाठीमागे गावचाच माणूस उभा असल्याने ती चिठ्ठी मी खिशातून काढलीच नाही, आणि तेथील डॉक्टरांना माझे एआरटीचे औषध कळले नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने माझी माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे खरा, परंतु जेथे डॉक्टरांच्या टेबलाला दहा जण खेटून उभे असतात तेथे तो बजावायचा कसा? डोल्यूटेग्राव्हिरमुळे मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते, म्हणून त्याचा दिवसाचा डोस साधारणतः १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात, हे मला पुढे केंद्रातील समुपदेशक ताईंनी जुलाबाची तक्रार ऐकल्यावर सांगितले. तोवर मी दुप्पट घेत होतो. निम्मी चूक माझी. उरलेली निम्मी मात्र दोन्ही विभागांचे कागद कधी एकत्र येत नाहीत या व्यवस्थेची. टेनोफोविरचा परिणाम मूत्रपिंडावर आणि हाडांवर होऊ शकतो, तरी केंद्रात दर खेपेला वजन तेवढे होते आणि रक्तदाब मी मागितला तरच मोजला जातो.

नव्या रुग्णांनी येथे निःशंक जावे. साठीच्या आसपासच्यांनीही जावे, फक्त बाहेरून घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, कॅल्शियमचेसुद्धा, सोबत नेऊन समुपदेशकांपुढे ठेवावीत आणि सकाळी लवकर पोचावे, कारण अकरानंतर बसायला बाक मिळत नाही.